रेषेवरचं पाणी

"हललं नाही!" शेपटाने टाकीच्या काचेला नाक चिकटवून जाहीर केलं.

"नाक काढ आधी. तुझ्या नाकाचे ठसे मलाच पुसावे लागतात," असं म्हणून मिठू गुडघ्यांवर बसली आणि तिने स्वतः रेषेला डोळा लावला. पाणी बरोबर रेषेवर होतं. काल होतं तिथेच, परवा होतं तिथेच.

मिठूचं खरं नाव घरात कुणी घेत नसे, आजोबासुद्धा नाही. लहानपणी एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून मिठू. तिचा धाकटा भाऊ चोवीस तास तिच्या मागे, म्हणून शेपूट. तिसरा शेजारचा मुलगा, त्याला सगळे वकील म्हणत. त्याला तुम्ही "आज ऊन आहे" असं सांगितलंत, तरी तो "पण समजा..." करून सुरू व्हायचा. सुट्टी लागल्यापासून तिघांचा मुक्काम मिठूच्या घराच्या वरच्या खोलीत होता, आणि खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी घोडीवर ती टाकी बसली होती.

टाकी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. मिठूच्या दातांना तारा होत्या तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर बसून तिने त्या टाकीतल्या म्हाताऱ्या नारिंगी समुद्री माशाशी तासन्‌तास गप्पा मारल्या होत्या. त्याचा एक पर कुरतडल्यासारखा होता. मिठू दिसली की तो काचेपाशी येऊन डोलायचा. आता बाई दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला निघाल्या होत्या आणि मासा त्यांच्या मोरीत एका टबात दिवस काढत होता. जो टाकी नेईल त्याला मासा, असं त्यांनी सांगितलं होतं. कुणी नेली नाही तर एका हॉटेलवाल्याने मासा मागितला होता. पण त्याच्या टाकीत याच्या चौपट मोठे मासे होते, आणि तिथे या म्हाताऱ्याचं काय होणार हे सगळ्यांना कळत होतं.

मिठूची आई पुस्तकं बांधायची. खालच्या मजल्यावर, या खोलीच्या बरोबर खाली, तिचं कामाचं दालन होतं. सध्या तिथे ग्रंथालयाचे जुने समुद्राचे नकाशे आले होते. त्यांना मागून नवा कागद चिकटवून आईने ते फळ्यांच्या मध्ये वजनाखाली ठेवले होते आणि वारा लागून कागद वळू नये म्हणून ते पुरते वाळेपर्यंत दार ओढून घेतलं होतं. टाकीला तिने परवानगी दिली, पण एका अटीवर. "माझ्या कागदांवर वरून एक थेंब जरी आला, तर टाकी घराबाहेर. मग रडायचं नाही."

टाकी खालीच ठेवता आली असती. पण पुढची खोली मामाच्या बिघडलेल्या फ्रिजांनी भरली होती. मामा फ्रिज दुरुस्त करायचा, म्हणजे तसं तो म्हणायचा. कुठलंही काम सांगा, मामाचं उत्तर ठरलेलं: "झालंच समज!" टाकीचे सांधे नव्याने भरायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं. काचांच्या सांध्यांतला जुना सिलिकॉन पातीने पार खरवडून काढायचा, काच स्पिरिटने पुसायची आणि मगच नवा भरायचा, असं बाईंनी बजावलं होतं. मुलांनी मिठाचे पांढरे पापुद्रे घासता घासता बोटं सोलून घेतली. मामाने सांधे भरले आणि शिट्टी वाजवत निघून गेला. खोलीभर सिलिकॉनचा आंबूस वास राहिला.

मग परीक्षा. टाकी नळाच्या साध्या पाण्याने भरायची, पाण्याच्या पातळीवर काचेला पट्टी लावायची आणि वाट बघायची. मिठूने पांढऱ्या पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं, "पाणी इथेच राहायला हवं." खाली जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, म्हणजे थेंब पडला तर दिसेल.

"पण समजा पाणी हवेत उडून गेलं," वकील म्हणाला, "तर टाकीवर गळतीचा खोटा आळ येईल. साक्षीदार हवा."

साक्षीदार म्हणून त्याने एक बादली आणली, पाण्याने भरली, तिलाही एक कोरी पट्टी लावली आणि टाकीशेजारी उभी केली. हवेत उडणारं पाणी दोन्हींतून सारखंच उडेल. टाकीतलं जास्त उतरलं, तरच टाकी गळकी. शेपटाने बादलीला विचारलं की खरं सांगशील का, आणि स्वतःच हो म्हणाला.

आणि आता टाकीतलं पाणी रेषेवर होतं. मिठूला नाचावंसं वाटत होतं. तेवढ्यात वकील बादलीपाशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मिठू, इकडे ये. बादलीतलं पाणी उतरलंय."

खरंच उतरलं होतं. पट्टीच्या खाली करंगळीएवढी जागा कोरडी होती.

"मग छानच की," शेपूट म्हणाला. "टाकी पास, बादली नापास."

"छान कसलं? बादलीतलं पाणी हवेत उडालं. मग टाकीतलं का नाही उडालं? हवा तर एकच आहे."

 खिडकीच्या हिरव्या काचांतून येणारा उजेड टाकीत शिरून भिंतीवर हलत होता. पाणी मात्र स्थिर होतं. मिठूला एकाएकी वाटलं की आपण टाकीकडे बघत नसून टाकीच आपल्याकडे बघते आहे. तिने नाइलाजाने हसून बघितलं, पण हसू काही जमलं नाही.

त्या दुपारी सगळं घर पेंगुळलं होतं. तिघं अंगणात वरच्या खिडकीखाली बसून पत्ते खेळत होते, आणि वरून आवाज आला. टक. टक. काचेवर बोटाने वाजवावं तसा. मग बऱ्याच वेळाने पाण्याचा गुळगुळ आवाज, आणि पुन्हा टक, टक.

"मासा असेल," शेपूट म्हणाला.

"टाकीत मासा नाही," मिठू म्हणाली, आणि हे बोलून तिच्याच अंगावर काटा आला. वर जायला कुणी तयार होईना. शेवटी तिघं एकमेकांचे सदरे धरून गेले, तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि पाणी रेषेवर होतं. वर्तमानपत्रंही कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी आई नकाशांचा पुढचा गठ्ठा आणायला ग्रंथालयात गेली होती. खरवडायच्या पातीला धार लावायला मिठूला आईचा धारेचा दगड हवा होता. दार पटकन उघडून पटकन लावायचं, असं ठरवून तिघं दालनात शिरले. आत खळीचा आणि जुन्या कागदाचा वास होता. खिडक्या बंद, त्यामुळे सगळं अर्धवट अंधारात. मिठूने दगड उचलला तोच टप्प असा आवाज झाला.

वकिलाने वर बघितलं आणि बोट दाखवलं. लाकडी छताच्या कोपऱ्यात एक काळपट डाग पसरला होता, आणि डागाभोवती पांढरं काहीतरी उगवलं होतं. बारीक, केसाळ, भुरभुरीत. त्याला पाच टोकं फुटली होती.

"हात आहे," शेपूट कुजबुजला. "कुणीतरी वरून हात खाली घालतंय."

"गप रे," मिठू म्हणाली, पण तिलाही तो हातच दिसत होता. हाताच्या मधल्या बोटाला एक थेंब लोंबत होता. तो सुटला आणि नकाशांच्या अगदी वरच्या फळीच्या कडेवर पडला. मिठूने पुढे होऊन थेंब बोटावर घेतला आणि विचार न करता जिभेला लावला.

थेंब खारट होता. समुद्राच्या पाण्यासारखा खारट.

ती धावत वर गेली, टाकीत बोट बुडवून चाखलं. पाणी गोडं. नळाचं, साधं, बेचव. वर गोडं पाणी आणि खाली खारा थेंब! टाकीचं पाणी तर रेषेवरून हललंच नव्हतं. मग हे खारं पाणी कुठलं? शेपूट म्हणाला की टाकीला जुना समुद्र आठवत असेल. वकिलाने यावर वाद घातला नाही, आणि त्यामुळेच मिठू जास्त घाबरली.

वकिलाचं म्हणणं असं पडलं की पुराव्यानुसार टाकी निर्दोष आहे. पातळी कायम, कागद कोरडे, पाण्याची चवही वेगळी. तेव्हा आईला इतक्यात काही सांगायची गरज नाही. मिठूने मान डोलावली. तिने डागाखाली एक परात ठेवली, नकाशांच्या फळ्या ओढून थोड्या बाजूला घेतल्या आणि दार लावून घेतलं. रात्री जेवताना तिला आईच्या डोळ्यांकडे बघवेना. तिला नारिंगी मासा हवा होता, फार हवा होता. आणि नेमकं म्हणूनच तिला आपल्या गप्प बसण्याची लाज वाटत होती.

सकाळी तिला एक कल्पना सुचली. टाकीवरची पट्टी सोडवून तिने ती एक बोटभर वर चिकटवली.

"हे कशाला?" वकिलाने विचारलं.

"पाण्यात काही जादू असेल, तर त्याला पट्टीशी काय देणंघेणं? ते जुन्याच जागी राहील. पण ते पट्टीपर्यंत चढलं, तर जे कोण आहे त्याला रेष समजते."

दुपार उलटल्यावर ते वर गेले. पाणी चढून नव्या रेषेवर आलं होतं. बरोबर रेषेवर.

शेपटाने मिठूचा हात इतका घट्ट धरला की तिची बोटं बधिर झाली. "ताई, त्याला वाचता येतं," तो म्हणाला.

पुढच्या दिवशी जेवणं झाल्यावर तिघं खोलीतल्या जुन्या कपाटामागे जाऊन बसले. कपाटामागे कोळिष्टकं होती आणि शेपटाला शिंक येत होती. वकिलाने त्याचं नाक चिमटीत धरून ठेवलं. घर हळूहळू शांत झालं. भिंतीवर हिरवा उजेड हलत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

मग जिन्यावर पाऊल वाजलं. एक पाऊल, थांबणं, काहीतरी पत्र्याचं पायरीवर टेकल्याचा आवाज, मग दुसरं पाऊल. वर येणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. दार करकरलं. हिरव्या उजेडात एक वाकलेली सावली भिंतीवर चढली आणि टाकीपाशी थांबली. सावलीने हात उचलला. टक. टक.

मिठूने डोळे घट्ट मिटले होते. पण आपण मोठ्या आहोत हे आठवून तिने एक डोळा उघडला, आणि मग दुसराही.

"आजोबा?"

आजोबांना कमी ऐकू यायचं. ते हातातल्या झारीने सावकाश टाकीत पाणी सोडत राहिले. पाणी रेषेला टेकलं तशी त्यांनी झारी उचलली, काचेवर पुन्हा दोनदा बोट वाजवलं आणि समाधानाने मान हलवली. मग वळतात तो कपाटामागून कोळिष्टकांनी माखलेली तीन डोकी बाहेर आलेली.

"काय रे भुतांनो," आजोबा म्हणाले, "घाबरवलंत की मला!"

आजोबांनी सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर काढली होती. बॉयलरला एक काचेची नळी असते, नळीवर रेष असते, आणि पाणी त्या रेषेखाली जाऊ द्यायचं नसतं, हे त्यांनी नंतर मिठूच्या कानाशी येऊन समजावून सांगितलं. पाणी कमी पडलं तर बॉयलर फुटतो, माणसं जातात. इतकी वर्षं त्यांनी रोज काचेवर बोट वाजवून पातळी बघितली होती आणि त्यांच्या पाळीत पाणी कधी रेषेखाली गेलं नव्हतं.

"पण आजोबा, तुम्हाला भरायला कुणी सांगितलं?"

"तूच की," आजोबा चकित होऊन म्हणाले आणि त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "लिहिलंयस ना, पाणी इथेच राहायला हवं. मी म्हटलं, चला, कुणीतरी मला काम सांगितलं. रोज बघतो, तर पाणी उतरलेलं. काल तर फारच उतरलं होतं, चार झाऱ्या ओताव्या लागल्या."

वकील फिस्सकन हसला. मिठूला हसू आलं नाही. रोज पाणी उतरलेलं असायचं. म्हणजे टाकी गळत होती, पहिल्या दिवसापासून गळत होती.

ती जमिनीवर आडवी झाली आणि तिने घोडीखाली बघितलं. घोडीचे पाय पोकळ नळीचे होते. कोपऱ्यातल्या मागच्या पायाचं वरचं तोंड उघडं होतं, टाकीच्या सांध्याच्या अगदी खाली, आणि पाय जिथे जमिनीला टेकत होता तिथे फळ्यांमध्ये फट होती. गळलेलं पाणी त्या नळीतून सरळ फटीत उतरत होतं. वर्तमानपत्रावर थेंब पडणार कसा? तिने करंगळी नळीच्या तोंडात घालून बाहेर काढली. ती पांढरी झाली होती. दवाखान्यात वर्षानुवर्षं ठिबकलेलं खारं पाणी त्या पायात वाळून त्याचा मिठाचा थर झाला होता. गोडं पाणी त्यातून जाता जाता खारं होत होतं, आणि खालच्या छतावर वाळून त्याच मिठाचा तो पांढरा हात उगवला होता.

शेपूट हलकेच म्हणाला, "ताई, आपण टाकी रिकामी करू. मामा गुपचूप नीट करेल. आईला कळणारच नाही."

मिठूने टाकीकडे बघितलं. हॉटेलवाल्याची टाकी, त्यातले मोठे मासे आणि कुरतडलेल्या पराचा म्हातारा, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग ती उठली.

"खाली नकाशे आहेत," ती म्हणाली. "मी आईला सांगते."

आईने सगळं ऐकून घेतलं.  आधी तिने नकाशांच्या फळ्या एकेक करून उचलून दुसऱ्या खोलीत नेल्या, आणि मुलं मुकाट्याने हात लावत राहिली. वरच्या फळीचा एक कोपरा ओला होता, पण ओल कागदापर्यंत पोचली नव्हती. आईने सुस्कारा सोडला.

मामा आला तो हातवारे करतच. त्याने भरलेला सांधा गळणं शक्यच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. कौल फुटलं असेल, नळाची नळी असेल, जुनं घर आहे.

"मामा, तू तो काळ्या पेटीमागचा कोपराही खरवडलास ना?" मिठूने अगदी गोड आवाजात विचारलं. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात पाणी उपसायची एक काळी पेटी चिकटवलेली होती.

"झालंच समज," मामा म्हणाला.

"मग तुझी काही हरकत नसेल," असं म्हणून मिठूने आईच्या निळ्या शाईची बाटली त्या पेटीमागे पालथी केली. शाई पाण्यात उलगडली, थोडा वेळ तिथेच तरंगली, आणि मग तिची एक बारीक निळी दोरी होऊन कोपऱ्याच्या तळाशी ओढली गेली. कुणीतरी खालून ती ओढत होतं असंच वाटत होतं. सगळे खाली दालनात जाऊन छताकडे बघत उभे राहिले. मामा कौलांबद्दल बोलत होता. पांढऱ्या हाताच्या मधल्या बोटावर थेंब जमला, फुगला आणि परातीत पडला. निळाशार थेंब. मामाचं बोलणं तिथेच थांबलं.

पेटीमागे त्याचा पंजा शिरत नव्हता, हे त्याने अखेर कबूल केलं. म्हणून त्याने जुन्या सिलिकॉनवरच नवा थापला होता. नवा सिलिकॉन काचेला धरतो, जुन्या सिलिकॉनला धरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण म्हटलं, कोण बघतंय.

"आई," मिठू म्हणाली. "एक थेंब आला तर टाकी बाहेर, असं ठरलं होतं. मी परवा थेंब बघितला होता, तरी सांगितलं नाही. आज डॉक्टरीणबाईंना निरोप देते. मासा हॉटेलवाल्याला..." 

आईने परातीतलं निळं पाणी बघितलं, मग आपल्या लेकीकडे बघितलं.

"परवाच सांगायला हवं होतंस. पण आज सांगितलंस, मासा जाणार हे माहीत असून सांगितलंस. मला वाटतं त्या ग्रंथालयाला तुझे आभार मानायला हवेत." मग ती म्हणाली, "माझी अट वरून येणाऱ्या थेंबाची होती. तळमजल्याच्या खाली माझं काही नाही. टाकी पुढच्या खोलीत ठेवू."

"तिथे तर माझे फ्रिज आहेत," मामा म्हणाला.

"ते उद्या निघतील."

"झालंच सम—"

"समजणार नाही," आई म्हणाली. "उभी राहून बघणार आहे."

फ्रिज निघाले. कोपरा पुन्हा खरवडला, तो शेपटाने, कारण पेटीमागे फक्त त्याचा पंजा मावत होता. मामा दिवा धरून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होता. घोडीचा पोकळ पाय आतून धुतला, त्याच्या तोंडावर टोपण बसवलं. परीक्षा नव्याने झाली. आजोबांच्या हातातून झारी काढून घेतली होती आणि ते बिचारे दुपारभर हात चोळत काचेपुढे बसायचे. टाकीतलं पाणी उतरलं, बादलीतलंही तेवढंच उतरलं. वकिलाने दोन्ही पट्ट्या तपासून निकाल दिला की साक्षीदाराची साक्ष ग्राह्य आहे.

डॉक्टरीणबाई स्वतः मासा घेऊन आल्या. समुद्री मिठाचं पाणी मुरून तयार होतं. त्यांनी सगळ्या सांध्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की इतकं स्वच्छ काम त्यांच्या दवाखान्यातही कधी झालं नव्हतं. मग त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पाणी हवेत उडतं पण मीठ उडत नाही, ते मागे राहतं. त्यामुळे टाकी खारट होत जाते आणि मासा मरतो. म्हणून रोज, न चुकता, अगदी रेषेपर्यंत गोडं पाणी घालायला हवं. लोकांना पहिले चार दिवस आठवतं, मग विसरतात.

मिठूने आजोबांकडे बघितलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. त्यांना यातलं काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. तिने काचेवरची जुनी पट्टी सोडवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. झारी खुर्चीशेजारी उभी केली. मग ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आजोबा, पाणी इथेच राहायला हवं."

आजोबांनी पट्टी वाचली. ते उठले, चष्मा सारखा केला आणि पाण्याच्या पातळीवर नीट बघून, अजिबात वाकडी होऊ न देता, पट्टी स्वतः चिकटवली. मग बोटाने काचेवर वाजवलं. टक. टक. आतून कुरतडलेल्या पराचा म्हातारा मासा आला आणि त्यांच्या बोटासमोर डोलू लागला.

"माझ्या पाळीत," आजोबा त्याला म्हणाले, "पाणी रेषेखाली जायचं नाही."